आतल्या पाकिटावरचे बोट

मी एक जुनी पितळी कोयरी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलेही नसेल. माझा आकार कैरीसारखा. पोटात दोन खण, एकात हळद आणि एकात कुंकू. झाकणावर मूठ म्हणून एक पोपट बसवलेला आहे. त्याची चोच केव्हाच झिजून गेली. सध्या मी रियाध शहरात, चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यामागे असते. इथे अंधार आहे. कपाट उघडले की थोडा उजेड येतो, पण तो तांदळासाठी असतो, माझ्यासाठी नाही.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीत झाला. वितळलेले पितळ मातीच्या साच्यात ओतून मला घडवले, कानशीने घासले, चिंचेने उजळले. एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या लग्नात मला विकत घेतले. ती मुलगी आज आजी झाली आहे. मी तिला आजीच म्हणते.

आजीच्या घरी मला फार मान होता. घरात नवी वस्तू आली की मला बोलावणे येई. शिलाईचे यंत्र, स्कूटर, शाळेची पुस्तके. पण आजीचा खरा जीव कागदांवर. ज्या कागदावर घरातल्या कुणाचे पुढचे आयुष्य ठरणार, तो माझ्या हळदीकुंकवाचे बोट लागल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. तिच्या मुलाचा, उन्मेषचा, कॉलेजचा अर्ज गेला तो बोट लावून. त्याचा अमेरिकेचा व्हिसा, त्याच्या लग्नाची पत्रिका, सगळे तसेच. कागद गेला आणि काम झाले नाही, असे क्वचितच घडले. लोक म्हणत, आजीच्या बोटाला यश आहे. मला वाटे, त्यातले थोडे माझेही आहे. हा माझा गर्व होता, मित्रांनो.

मग आजोबा वारले. तेराव्यानंतर आजीने मला चिंचेने घासले, पुसले आणि सून ज्ञानदा हिच्या हातात दिले. "आता ही तुझी. मी काही हिला हात लावायची नाही," ती म्हणाली. तिच्या पिढीच्या विधवा बायका असेच मानत. ज्ञानदाने पुष्कळ समजावले, पण आजीने ऐकले नाही. त्यानंतर नऊ वर्षे तिने माझे झाकण उघडले नाही.

ज्ञानदा आणि उन्मेष तेव्हा अमेरिकेतच राहत होते, तिच्याबरोबर मीही तिकडे गेले. वर्षभरातच ती दोघे तिथले नागरिक झाले. पुढे उन्मेषला रियाधच्या एका बँकेत मोठी नोकरी लागली आणि आम्ही सगळे इकडे आलो. विमानतळावर पूजेच्या वस्तू अडवतील या भीतीने मी कणकेच्या डब्यात लपून आले. त्यांची मुलगी ओवी तेवढी कॉलेजसाठी अमेरिकेतच राहिली. इथे मी देवाजवळ नव्हते, जेवणाच्या टेबलासमोरच्या उघड्या फळीवर मसाल्यांच्या बरण्यांशेजारी होते. त्याचे मला वाईट वाटले नाही. वास ओळखीचे होते.

आणि मग अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक आली.

परदेशात राहणाऱ्या नागरिकांना टपालाने मत देता येते. मतपत्रिका ई-मेलने येते. ती छापायची, पसंतीच्या नावापुढचा गोल काळा करायचा, कागद आतल्या पाकिटात घालायचा, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि कुरिअरने धाडायचे. ज्ञानदाने याआधी दोनदा मत दिले होते. दोन्ही वेळा उन्मेष म्हणाला तोच गोल तिने काळा केला. त्या वेळी ती पोळ्या लाटत होती, हात पुसून आली होती आणि लगेच परत गेली होती. मी शेजारीच होते, म्हणून मला आठवते.

या खेपेला मात्र ती म्हणाली, "मी माझं मी ठरवणार."

उन्मेष हसला. "ठरव की. फक्त बरोबर ठरव म्हणजे झालं."

आजी त्या वेळी तीन महिन्यांच्या व्हिसावर रियाधला आली होती. एका दुपारी ज्ञानदाने जेवणाच्या टेबलावर तीन वाट्या मांडल्या आणि मधे राजम्याचा डबा ठेवला. एक वाटी उन्मेषच्या उमेदवाराची, एक ओवीच्या, तिसरी शेजारच्या आबिदाच्या. ज्याचे म्हणणे पटेल, त्याच्या वाटीत एक दाणा.

आजीने वाकून पाहिले. "एवढ्याशा राजम्याची उसळ कुणाला पुरणार गं?"

"उसळ नाही आई, अमेरिकेचा अध्यक्ष शिजतोय."

"मग भिजायला रात्रभर लागेल," आजी म्हणाली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.

तीन आठवडे त्या वाट्या टेबलावर होत्या. उन्मेष बँकेतून आला की बाजाराबद्दल आणि करांबद्दल बोले. ओवीचा फोन येई. "आई, प्लीज, बाबांचं ऐकू नकोस. इथे राहायचं मला आहे. कॉलेजमध्ये गोळीबारापासून लपायची ड्रिल होते ना, तेव्हा मी टेबलाखाली असते, बाबा नाही." ओवी एवढे मराठीत बोलली की ज्ञानदाचा दाणा हातातच राही. आबिदा मूळची हैदराबादची, तीही अमेरिकेची नागरिक. ती चहाला येई आणि टीव्हीवरच्या युद्धाकडे बोट दाखवी. "मेरे कू तो दोनों भी नक्को, ज्ञानदा. घरां जल रे सो देख रई ना? दोनों में से एक कू वोट देको मैं आईना कैसा देखूँ?" तिचा तिसऱ्या, लहानशा पक्षाचा उमेदवार होता.

"भाभी, तो निवडून येणार नाही. तुमचं मत वाया जाईल," उन्मेष तिला म्हणे.

"जाने दो. मेरा है, मैं जाया करूँगी."

दाणे एका वाटीत पडत, दुसऱ्या दिवशी तिथून निघत. ज्ञानदाची झोप कमी झाली. एकदा ती आजीला म्हणाली, "तिघांचंही थोडं थोडं पटतं, आई. आणि तिघांचंही पूर्ण पटत नाही. तुम्ही कसं ठरवायचात?"

आजी वाटीतले दाणे बोटाने फिरवू लागली.

"मी कुठे ठरवायची? रांगेत उभं राहायच्या आधी हे सांगायचे, अमुक चिन्ह. मी शिक्का मारून यायची. चाळीस वर्षं मत दिलं गं, पण त्यातलं एकही माझं नव्हतं." मग ती म्हणाली, "तू चुकलीस तरी चालेल. पण तुझं दे."

मित्रांनो, त्या क्षणी मला कळले की हे मत एकट्या ज्ञानदाचे राहिलेले नाही.

एका शुक्रवारी सकाळी तिने मतपत्रिका टेबलावर पसरली. सूचना दोनदा वाचल्या, दुसऱ्यांदा मोठ्याने. कागदावर किंवा आतल्या पाकिटावर मतदाराची ओळख पटेल अशी कोणतीही खूण नसावी, हेही तिने वाचले. मी ऐकले. वाट्यांकडे तिने पाहिलेही नाही. काळे पेन घेतले, थोडा वेळ डोळे मिटले आणि एक गोल काळा केला. कुणाच्या नावापुढचा, ते मी पाहिले. पत्रिका आतल्या पाकिटात गेली. पाकीट चिकटवून ती उठली आणि मला फळीवरून खाली घेतले.

"आई, याला बोट लावा."

आजी मागे सरली. "मी? वेडी आहेस का? तू लाव."

"नाही. तुम्हीच. माझ्या मताला तुमचंच बोट हवं. तुम्ही लावलं नाहीत, तर मी हे पाठवणारच नाही."

नऊ वर्षांनी तिने माझे झाकण उघडले. अनामिका ओली केली, हळदीत टेकवली, मग कुंकवात. कुंकू घट्ट बसले होते, म्हणून तिने जरा दाबले. पाकिटाच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका उमटला आणि त्यावर एक लाल. दोघींचे डोळे भरून आले. माझेही भरले असते.

आताच वाचलेली सूचना ज्ञानदाला कशी आठवली नाही? मी यावर फार विचार केला आहे. खूण म्हणजे पेनाने केलेली, सही, नाव, असे काही तिच्या मनात असावे. कुंकू ही खूण असते, असे आपल्याकडे कुणाला वाटते? आपल्या लेखी कुंकू म्हणजे काम तडीस जावे म्हणून दिलेला आशीर्वाद.

आतले पाकीट बाहेरच्या पाकिटात गेले. कुरिअरला द्यायला उन्मेषने ते हातात घेतले.

"कुणाला दिलंस, सांग तरी."

"मत गुप्त असतं."

"नवऱ्यापासूनसुद्धा?"

"नवऱ्यापासूनच."

आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दुपारी तिन्ही वाट्यांतले दाणे एकत्र करून ज्ञानदाने भिजत घातले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून राजमा खाल्ला, आबिदानेसुद्धा.

निवडणूक झाली. कुणी जिंकले, कुणी हरले. ते तुम्हाला ठाऊक असेल. त्यानंतर काही आठवड्यांनी रियाधची नवी मेट्रो सुरू झाली. उन्मेषने आजीला फिरवायचे ठरवले होते. सकाळी ज्ञानदा डबा भरत असताना तिचा फोन वाजला. तिने ई-मेल उघडला. तिचे मत मोजले गेले नव्हते. आतल्या पाकिटावर ओळखीची खूण आढळल्यामुळे ते वगळण्यात आले होते. दुरुस्तीची मुदतही संपून गेली होती.

ती ओट्याला धरून उभी राहिली. तिची नजर माझ्यावर आली. माझ्या पितळाचा त्या दिवशी मला पहिल्यांदा तिटकारा आला.

तेवढ्यात आजी नवी साडी नेसून, हातात मेट्रोचे कोरे कार्ड घेऊन आत आली. त्या शुक्रवारपासून तिचा चेहराच बदलला होता. "अगं, यालाही लावू का बोट?"

ज्ञानदाने फोन ओट्यावर पालथा ठेवला. एवढेच सांगायचे होते की आई, ते मत गेले. पण मग आजीने विचारले असते, कशाने गेले? आणि उत्तर ऐकून तिने पाकीट, नियम, परका देश यांतल्या कशालाही दोष दिला नसता. तिने आपल्या हाताला दोष दिला असता. विधवेच्या हाताला. पुन्हा कधी तिने झाकण उघडले नसते.

"लावा, आई," ज्ञानदा म्हणाली.

आजीने कार्डाला बोट लावले. तिघे मेट्रोत बसून आले.

ज्ञानदाने ते कुणालाच सांगितले नाही. उन्मेषला सांगितले असते, तर त्याने रागाच्या भरात आईला ऐकवले असते. ओवी अजूनही फोनवर विचारते, "आई, खरं सांग, कुणाला दिलंस?" ज्ञानदा विषय बदलते. व्हिसा संपला आणि आजी नाशिकला परतली. त्याच दिवशी ज्ञानदाने मला कपाटात, तांदळाच्या डब्यामागे ठेवले. रागाने नव्हे. झाकण नीट बसवून, हळूच ठेवले. रागाने ठेवले असते, तर मला सोपे गेले असते.

गेल्या आठवड्यात आजीचा फोन आला होता. कपाट अर्धे उघडे होते, म्हणून ऐकू आले. आजीने दुसरी कोयरी घेतली आहे. शेजारच्या मुली परीक्षेचे अर्ज घेऊन तिच्याकडे येतात. "आता मलाच बोलावतात गं सगळ्या," ती सांगत होती. मग तिने विचारले, "तुझं मत पोचलं होतं ना?"

"पोचलं होतं, आई."

मित्रांनो, माझे तुमच्याजवळ एकच मागणे आहे. मला टाकून देऊ नका, असे मी म्हणणार नाही. पण जो कागद तुम्हाला फार मोलाचा वाटतो, त्याला हात लावण्याआधी तो काय मागतो ते वाचा आणि वाचलेले लक्षात ठेवा. माया करणाऱ्या माणसाचा हातसुद्धा कागदाला परकाच असतो.

आता माझे कुंकू वाळून दगड झाले आहे. त्यात आजीने दाबलेल्या बोटाचा खळगा तसाच आहे. तो काळा केलेला गोल कुणाच्या नावापुढे होता, हे ज्ञानदाखेरीज मला एकटीला ठाऊक आहे. त्या मताची नोंद आणखी कुठेच नाही.