मुक्ताबाईला मी बरं केलं नाही

मित्रांनो, मी अकोले तालुक्यातल्या एका डोंगराळ गावचा जुना दगडी खलबत्ता आहे. पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं आणि आठवडी बाजारात मांडलं. तिथून मुक्ताबाईनं मला पाटीत घालून डोक्यावर घरी आणलं. मग लसूण, मिरची, सुंठ कुटण्यात माझी वर्षं गेली. कुणी कौतुक केलं नाही, आणि खरं सांगतो, त्यावाचून माझं काही अडलं नाही.

एके वर्षी मुक्ताबाई तापानं पडली. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर निळे डाग उठले. नगरच्या दवाखान्यात रक्ताचा कॅन्सर निघाला. केमो द्यायची ठरली, तेवढ्यात न्यूमोनियानं तिला गाठलं. आधी तो आवरायला हवा म्हणून केमो थांबली. नुसती तापाची इंजेक्शनं आणि रक्ताच्या पिशव्या चालू. इकडे सून रुपाली माझ्यात गुळवेल कुटायची आणि मुलगा सुनील तो रस बाटलीतून न्यायचा. ताप उतरल्यावर पुन्हा तपासलं, तर काय! कॅन्सर कुठं दिसेचना.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "असं क्वचित होतं, पण हा आजार उलटतो. पुढचे उपचार घ्यावेच लागतील."

घरी मात्र सगळं श्रेय मला! हळदीकुंकू लावून मला देव्हाऱ्याशेजारी बसवलं. मुक्ताबाईही म्हणायची, "ह्याच्या रसानंच उठले मी." दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलायची. लोक जीप करून रस न्यायला यायचे. मला वाचा असती तर ओरडलो असतो हो!

त्यांत शेजारगावची राहीबाई होती. तिच्या जयाला तोच आजार. केमो अर्ध्यावर टाकून तिनं पोरीला घरी आणलं होतं आणि रोज रस पाजत होती. पोर दिवसेंदिवस खंगत होती.

एका सकाळी मुक्ताबाईच्या चुळीत रक्त आलं. राहीबाई आली तेव्हा ती तिला म्हणाली, "आजपासनं रस मिळायचा न्हाई."

"का वो? तुमी बऱ्या झाल्या, आन माझ्या पोरीलाच नगं व्हय?"

मुक्ताबाईनं बाही वर सारली. दंडभर निळे डाग होते. "परत आलंय, बाई. ह्या रसात काय न्हाई. मी येडी, डाक्टरीणबाईंचं ऐकलं न्हाई. तू जयाला आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

राहीबाईनं तिचा दंड हातात धरला. मग दोघीही रडल्या.

सुनीलनं तिघींना नगरला नेलं. जयाची केमो पुन्हा सुरू झाली. तिचे केस गेले, पण आता दोन घास जेवते म्हणतात. मुक्ताबाईच्या आजारानं मात्र ह्या वेळी उपचारांना दाद दिली नाही. भाताची कापणी व्हायच्या आत ती गेली.

मित्रांनो, आजारी माणसाला मायेनं रस द्या, पेज द्या, पण त्याची औषधं तोडू नका. माझ्यासारख्या दगडाच्या भरवशावर तर मुळीच नाही. लोक अजून येतात. परवाच एकजण बाटली घेऊन आला आणि विचारू लागला, "रसानं बऱ्या झाल्या, त्या बाई कुठं हायेत?"

रुपालीनं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बोट केलं.