किंबाच्या पुढची भुणभुण

रेडिओ दुरुस्त झाला तर मर्व ट्रेगेन्झाला बाराशे किलोमीटर मिळणार होते. सेडुना गावापासून पश्चिमेला थेट नॉर्समनपर्यंत, नलारबॉरचं सगळं उघडं माळरान, डाव्या हाताला समुद्राचे कडे आणि उजव्या हाताला काहीच नाही. आणि नाही झाला, तर आले तेच चौदाशे किलोमीटर उलट मोजत बेंडिगोच्या घरी.

अट ग्लेनिसची. ती तिने भांडून घातली असती तर मर्वने मनावर घेतली नसती. पण तिने ती बटाटे सोलता सोलता घातली, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तो एवढं नक्की शिकला होता की भांडणात घातलेल्या अटी दुसऱ्या दिवशी विरघळतात, बटाटे सोलताना घातलेल्या विरघळत नाहीत.

"बाराशे किलोमीटर मी नुसती तुझी शीळ ऐकत बसणार नाही," ती म्हणाली. "रविवार सकाळपर्यंत रेडिओ नीट वाजला तर पश्चिम. नाहीतर घर."

मर्व गाडी चालवताना दातांच्या फटीतून शीळ घालायचा. एकच चाल, अर्धी. पुढची अर्धी त्याला येत नव्हती.

पश्चिमेला काय ठेवलंय असं कोणी विचारलं की तो देवमाशांचं नाव सांगायचा. खरं कारण सांगायला त्याला लाज वाटे. एकोणिसाव्या वर्षी तो टेलिफोन खात्यात चिकटला आणि चाळीस वर्षं दर मंगळवारी त्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थची लाइन तपासली. इकडून हा विचारायचा, ऐकू येतंय का. तिकडून कोणीतरी म्हणायचं, येतंय. तिकडची माणसं बदलत गेली, हा इथलाच राहिला. ती तार कुठे जाऊन संपते ते त्याला एकदा बघायचं होतं. एवढंच.

गाडी, म्हणजे चाकांवरचं छोटं घरच, अठ्ठ्याऐंशी सालची. मर्वच्या आधी तिला पाच मालक झाले होते, आणि प्रत्येकाने आपल्या तारा घातल्या, आधीच्याच्या एकानेही काढल्या नाहीत. डॅशबोर्डमागे हात घातला की शेवयांच्या पातेल्यात घातल्यासारखं वाटे. पुढे दोन स्पीकर, मागे पलंगाच्या वर दोन, आणि मध्ये एक बटण, ज्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. पोर्ट ऑगस्टापर्यंत या सगळ्या गोंधळातून रेडिओ छान वाजत आला. मग किंबा गाव मागे पडलं, एफएम स्टेशनं एकेक करून विझत गेली, उरलं एकटं एएम, आणि त्याच्याबरोबर आली ती भुणभुण. बातम्या असोत की गाणं, त्याच्यावर एक बारीक, न थांबणारी भुणभुण, जशी कानाशी माशी घोंघावते आणि हाताला लागत नाही.

मर्वचं निदान तयार होतं. किंबापुढचा रस्ता खराब, गाडी हादरली, एखादी जुनी तार सैल झाली. जुनी, म्हणजे त्या पाच जणांपैकी कोणाची तरी. स्वतः जोडलेली तार सैल होते हे त्याच्या अनुभवात बसत नव्हतं.

सेडुनाच्या अलीकडे खाडीकाठी एक खडीचं मैदान आहे, तिथे सोमवारी ते थांबले. एक नळ, एक संडास, आठ-दहा गाड्या, आणि दक्षिणेकडून दिवसभर वारा. जुलैतला, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतला. तंबूच्या दोऱ्या रात्रंदिवस फडफडत, आणि मर्वचा गुडघा त्यांच्या तालावर हलत असे. पाच मिनिटं तो खुर्चीत टिकत नसे. उठायचा, गाडीत जायचा, बाहेर यायचा, धक्क्यापर्यंत चालून परत यायचा आणि चाललो कशाला होतो ते विसरायचा.

मुक्कामाचा रिवाज सगळ्यांना पाठ. संध्याकाळी पाच वाजता हत्यारं खाली, खुर्च्या गोल, ज्याची त्याची बाटली ज्याच्या त्याच्या हातात. कोणाचं काही बिघडलं तर ज्याला येतं त्याने दुरुस्त करायचं, पैशाची भाषा काढायची नाही. बदल्यात दोन बियर, किंवा लाकडाची मोळी, किंवा नशीब असेल तर बादलीभर कालवं. आणि जो दुसऱ्यांचं दुरुस्त करतो त्याने स्वतःसाठी मदत मागायची नसते. हा शेवटचा नियम कोणी सांगत नाही. मर्वने दोनच दिवसांत थेलचा पाण्याचा पंप आणि रोल्फ नोस्केचे ब्रेकचे दिवे मार्गी लावले होते, त्यामुळे तो मागू शकणाऱ्यांतला उरला नव्हता.

थेल ही निवृत्त परिचारिका, एका म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर एकटी फिरणारी. रोल्फ गव्हाचा शेतकरी, पोरावर शेत सोपवून निघालेला, आता पश्चिमेहून परतणारा. सेडुनाच्या चौकीवर फळमाशीच्या भीतीने त्याची सगळी फळं काढून घेतली होती. भाज्या त्याच्या त्याआधीच संपल्या होत्या, आणि डब्यातले वाटाणे खाऊन तो वैतागला होता. पश्चिमेच्या सरहद्दीवरची चौकी तर त्याहून कडक: बटाटा, लिंबू, मध, काहीही पलीकडे जात नाही. म्हणून पश्चिमेला निघालेला माणूस या शेवटच्या मुक्कामांवर आपली टोपली परतणाऱ्याच्या हवाली करतो. रोल्फची नजर ग्लेनिसच्या फळीवरच्या बटाट्यांवर होती. रेडिओ वाजावा अशी मर्वखालोखाल कोणाची इच्छा असेल तर ती त्याची.

मर्वचीही नजर त्याच फळीवर होती, पण मधाच्या बरणीवर. ग्लेनिसच्या बहिणीच्या पोळ्यांतला मध, ग्लेनिसचा जीव की प्राण. ही बरणी ज्या दिवशी हलेल त्या दिवशी समजायचं की बाईने मनातून पश्चिम स्वीकारली. मंगळवारी बरणी जागेवर. बुधवारीही.

मंगळवारी मर्वने फ्यूज आणि अर्थिंग तपासलं. गाडीच्या सांगाड्याला जिथे जिथे तार टेकत होती तिथला गंज खरवडून काढला, बोटांची दोन सालपटं गेली. भुणभुण तशीच. बुधवारी स्पीकर. टॉर्चमधला सेल काढून त्याला जोडलेल्या दोन तारा स्पीकरला नुसत्या टेकवायच्या. जिवंत असेल तर पडदा टक् करून उडी मारतो. तीन उडाले, मागचा डावा खोकला. पडदा फाटला होता. मर्वने टिश्यू पेपर आणि थेलचं नेलपॉलिश लावून तो सांधला, लालभडक. गुरुवारी मागचा डावा स्पीकर उत्तम वाजू लागला, म्हणजे आता भुणभुण चारही कोपऱ्यांतून सारखी येऊ लागली.

त्या संध्याकाळी गोलात प्रत्येकाने आपापलं निदान दिलं. कोणी म्हणालं एरियल, कोणी म्हणालं फ्रिज, कोणाच्या मेव्हण्याला हाच त्रास होता आणि त्याने शेवटी गाडीच विकली. रोल्फ म्हणाला, "मर्व, टेलिफोनवाले तुम्ही, आमच्या शेतावरचा फोन तीन वर्षं असाच भुणभुणायचा. तक्रार केली की तुमचा माणूस यायचा, म्हणायचा आमच्या बाजूने ठीक आहे."

सगळे हसले. मर्वही हसला, पण उठून गाडीत गेला.

एरियलचा मुद्दा मात्र त्याला पटला. गाडीचा टप फायबरचा. एरियलखाली लोखंड नसेल तर ते अर्धं बहिरं. लोखंड आणायचं कुठून? शुक्रवारी ग्लेनिसचा स्कोनचे छोटे पाव भाजायचा ट्रे टपावर चढला आणि एरियलखाली भोक पाडून बसवला गेला. स्टेशनं दुप्पट ऐकू येऊ लागली. भुणभुणही दुप्पट.

ग्लेनिस खुर्चीत बसून विणत राहिली. एवढं मात्र म्हणाली की दुकानात ट्रे मिळतात, बेंडिगोला.

या सगळ्यात मर्वने एका वस्तूला हात लावला नाही. दाराशेजारी एक छोटी पेटी होती, निळा दिवा असलेली, टपावरच्या सोलर पॅनेलमधून बॅटरी भरणारा रेग्युलेटर. पोर्ट ऑगस्टाला त्याने ती नवीकोरी बसवली होती, स्वतःच्या हाताने, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवली होती. सुबक तारा, प्रत्येकीला चिठ्ठी. पाच मालकांच्या जंगलात तेवढाच एक सुसंस्कृत कोपरा. त्यावर संशय घ्यायचा म्हणजे आईच्या स्वयंपाकात खडा शोधण्यासारखं.

शनिवारी त्याने मागचं छत उघडलं. पलंगावर स्क्रू, गाद्यांवर भुसा, आणि तारांचे पुंजके खाली लोंबलेले. ग्लेनिस दिवसभर बाहेर, वाऱ्यात, पायावर शाल घेऊन. दुपारी दोन वाजता मर्व खाली उतरला, धक्क्यापर्यंत गेला, आला, पुन्हा गेला. चार वाजता त्याने छत जसंच्या तसं लावलं. रेडिओ लावून बघितला, आणि बंद केला.

पाच वाजता गोल भरला. रोल्फने बियर पुढे केली, विचारलं, काय मग, सापडला का चोर?

मर्वने बाटली घेतली, उघडली नाही. त्याचा गुडघा थांबला होता. "नाही," तो म्हणाला. "सापडत नाही मला. तुमच्यापैकी कोणी बघेल का?"

थेल कुत्र्याचे कान कुरवाळू लागली. रोल्फसुद्धा विनोद गिळून बसला, आणि रोल्फ सहसा काही गिळून बसत नसे. बघणार कोण? सगळ्यांचं दुरुस्त करणारा हाच होता. कोणीतरी हवेचा विषय काढला. ग्लेनिसने विणकामातून मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि पुन्हा टाके मोजू लागली. मोजणी चुकली असावी; तिने एक ओळ उसवली.

रात्री मर्वने हत्यारं पेटीत भरली. आदल्या रात्रींप्रमाणेच त्याने रेडिओ लावला नाही. दिवसभर ऐकलेली भुणभुण अंधारात पुन्हा कोण ऐकेल?

रविवारी ग्लेनिसने त्याला कोपराने ढोसलं तेव्हा बाहेर काळोख होता. ती रोज साडेपाचला उठे, चहा करी. मर्व साडेसातच्या आत डोळा उघडत नसे. "ऊठ," ती म्हणाली. "बस आणि ऐक."

रेडिओ डॅशबोर्डमधून अर्धा बाहेर लोंबत होता, तारा जोडलेल्या, आवाज बारीक. कोणी बाई मेंढ्यांचे बाजारभाव सांगत होती. मग समुद्रावरच्या हवेचा अंदाज, मग सनईसारखं काहीतरी वाजलं. चारही स्पीकर. लालभडक नेलपॉलिशवालासुद्धा. भुणभुण नाही.

मर्व पलंगावर उठून बसला. "कधीपासून?"

"मंगळवारपासून. रोज सकाळी."

दोघांनी चहा घेतला आणि रेडिओ ऐकला. सात वाजून गेले, खाडीवर उजाडलं, सूर्याची कड वर आली आणि टपावर पहिलं ऊन पडलं. दाराशेजारच्या पेटीवर निळा दिवा लागला. त्याच क्षणी बाजारभाववालीच्या आवाजावर भुणभुण चढली.

मर्व उठला. पॅनेलचा फ्यूज काढला: स्वच्छ. लावला: भुणभुण. काढला, लावला. चाळीस वर्षं लाइनी तपासलेला माणूस अनवाणी उभा राहून एक फ्यूज सात-आठ वेळा काढत-घालत राहिला. किंबाच्या अलीकडे एफएम होतं, त्याला ही पेटी त्रास देत नव्हती. पुढे एएम उरलं आणि हिने तोंड उघडलं. रस्ता बिचारा उगाच बदनाम झाला होता.

"सहा दिवस," तो शेवटी म्हणाला. "छत उघडलं मी, ग्लेन. बोलली का नाहीस?"

"मला घरी जायचं होतं." तिने कप विसळला. "मला अशा एका खुर्चीत बसायचं होतं, जिची रोज घडी घालावी लागत नाही. आधी वाटलं, दोन दिवसांत तुलाच कळेल. मग वाटलं, नाही कळलं तर बरं."

"मग आज का?"

ग्लेनिसने कप पालथा घातला. "काल दुपारपासून तू शीळ घातली नाहीस. गप्प बसलेल्या माणसाशेजारी चौदाशे किलोमीटर मला जमणार नाहीत. शीळ परवडली."

दहा वाजेपर्यंत मर्वने पॅनेलच्या तारेवर एक बटण बसवलं, ग्लेनिसच्या बाजूला, तिच्या हाताशी. रेडिओ चालू तर चार्जिंग बंद, असा तह. रेडिओ दिवसभर चालू राहणार, म्हणजे मुक्कामावर फ्रिज रडणार आणि मर्वची बियर कोमट होणार, हे तिने बोलून दाखवलं आणि त्याने मान डोलावली. गोलातल्या लोकांना दोष कशात होता ते त्याने स्वतः सांगितलं. रोल्फ म्हणाला, म्हणजे तुमच्या बाजूने ठीक नव्हतं. मर्व म्हणाला, नव्हतं.

निघताना हिशेब असा झाला. मर्वची दोन बोटांची सालपटं गेली, आणि आपली तार चुकत नाही हा समज गेला. त्याला बाराशे किलोमीटर मिळाले. थेलचं अर्धं नेलपॉलिश गेलं, तिला लिंबं मिळाली. रोल्फचं काहीच गेलं नाही, त्याला बटाटे मिळाले, गाजरं मिळाली, आणि सगळ्यांत शेवटी, गाडी सुरू झाल्यावर, खिडकीतून मधाची बरणी मिळाली. ती देताना ग्लेनिसने झाकण एकदा उघडलं, बोट बुडवून चाटलं आणि घट्ट लावलं. बटाटे तिने विकत घेतलेले, लिंबं तिच्या झाडाची, ट्रे तिचा, मध तिच्या बहिणीचा. मर्व मध खात नसे.