सत्तेचाळीस नंबरचं बाकडं

पहिल्याच वळणावर वाऱ्याने माझी टोपी नेली. मी मागे वळून पाहिलंही नाही. एकाहत्तराव्या वर्षी टोपीमागे धावणारी बाई फार वाईट दिसते.

रविवारी माथ्यावर बाकड्याचं उद्घाटन होतं. आमचे हे जाऊन सात महिने झाले होते आणि डोंगरमंडळाने त्यांच्या नावाचं बाकडं बसवलं होतं, हजाराहून अधिक वेळा हा डोंगर चढणारे म्हणून. मी चार शब्द बोलायचे होते. त्याआधी ती पाटी डोळ्यांनी पाहावी म्हणून गुरुवारीच एकटी निघाले. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, वादळी वारं आहे, जाऊ नकोस." मी फोन पिशवीत टाकला.

मंडळाची जुनी पद्धत अशी, की एका घराला एकच नंबर, तोही नवऱ्याच्या नावावर. आमचा सत्तेचाळीस. माथ्यावर पत्र्याच्या पेटीत वही असते. वर पोचलेल्याने तारीख टाकून नंबर लिहायचा, नाव नाही. आमचे हे पहिली दोन वर्षं हौसेने चढले. मग गुडघा, मग ऑफिस, मग नुसताच कंटाळा. मी मात्र जात राहिले, तीस वर्षं, जवळजवळ दर शनिवारी. मंडळाच्या खोलीत पत्ते खेळताना यांना कोणी विचारायचं, "काय, आजही वर?" हे मान डोलवायचे. एक अक्षरही खोटं बोलले नाहीत. नुसती मान. मी तिथेच कपबश्या विसळत असायचे.

बोलले नाही, कारण डोंगरावर मला कोणी हाक मारत नव्हतं. ना सासूबाई, ना मूल, ना दारावरचा दूधवाला. नंबर त्यांना, डोंगर मला, अशी वाटणी मी मनातल्या मनात करून टाकली होती. आता त्या वाटणीची शिसारी येते.

खिंडीत वारा इतका होता, की दोन पावलं पुढे टाकली की एक मागे. तिथे आडोशाला एकच खडक आहे. त्याच्यामागे बसून मी कितीदा तरी गवत पाहिलंय. झोत गेला की ते हात फिरवलेल्या मांजराच्या पाठीसारखं सपाट व्हायचं. आज तिथे कोणीतरी पोट मोकळं करून ठेवलं होतं, वर झुडपाला वेफर्सची पाकिटं फडफडत होती. मी नाक दाबलं आणि वाऱ्यातच उभी राहिले.

माथ्यावर मंडळाचा सेक्रेटरी आणि एक सुतार बाकड्याचे बोल्ट आवळत होते.

"काकू, तुम्ही? वर कशा आलात?"

"पायांनी."

पाटी पितळी होती. 'यांच्या जिद्दीला वारा कधी अडवू शकला नाही.' खाली बारीक अक्षरात, 'घरी वाट पाहणाऱ्या पत्नीच्या साथीने.'

"कोणी लिहिलं हे?"

"तुमच्याच मुलाने. छान उतरलंय ना?"

"काढा ही पाटी. या चढाया माझ्या आहेत."

तो हसला. "अहो काकू, काका काय नि तुम्ही काय, घर एकच."

"मग माझं नाव घाला."

"नंबर काकांचा ना. नियम आहे."

सुतार म्हणाला, "साहेब, चार स्क्रू आहेत. काढू म्हणा नाहीतर ठेवू म्हणा, पण लवकर. गारठ्याने बोटं गेली माझी."

मी बाकड्यावर बसले. वाऱ्याकडे पाठ, पाय फाकवलेले, हनुवटी खाली. "काढेपर्यंत उठणार नाही," मी सांगितलं.

सेक्रेटरी नियम समजावत राहिला, पण त्याचे अर्धे शब्द दरीत जात होते. दोन झोतांच्या मधे बोलायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. अर्ध्या तासाने तो दोन्ही हातांनी वहीच्या पेटीचा खांब धरून उभा होता, नाक गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"काका असे किती वेळ बसायचे इथे?" सुताराने मला विचारलं.

"त्यांना कानाला वारा सोसायचा नाही. गॅलरीत यायचे तेसुद्धा मफलर बांधून."

सुताराने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर काढला. सेक्रेटरी पुटपुटला, "काढ बाबा," आणि आमची वाट न बघता उतरू लागला.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. यांची मान, सेक्रेटरीचं हसू आणि इतकी वर्षं गप्प बसलेली मी, सगळ्याचीच किळस येत होती.

अर्ध्या उतारावर मुलाचा फोन आला. बातमी माझ्याआधी खाली पोचली होती.

"आई, बाबांची अब्रू घालवलीस तू."

"लहानपणी शनिवारी तू खिडकीचा गज धरून उभा राहायचास. कोणाची वाट बघत?"

मी वाऱ्याकडे पाठ करून फोन कानाशी घट्ट धरला.

"तुझी," तो म्हणाला.

"रविवारी मी एवढंच सांगणार आहे." मी फोन बंद केला आणि तोंडात गेलेली माती थुंकून टाकली.