खुणेपुढची पानं

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, टेलिफोनची खोली आहे. खोली म्हणायची म्हणून म्हणायची. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला लागून बाक आणि टेबलावर तो दिव्यांचा बोर्ड, एवढ्यातच ती भरून जाते. बाहेरून फोन आला की दिवा लागतो, कोण हवंय ते विचारायचं आणि त्या वॉर्डला जोडून द्यायचं. दिवसाच्या तीन पाळ्या. सहा ते दोन बसते तिला अख्खं हॉस्पिटल सकाळबाई म्हणतं आणि दोन ते दहा बसते ती दुपारबाई. ही नावं दोघींनीच नऊ वर्षांपूर्वी एकमेकींना ठेवली आणि ती अशी चिकटली, की हजेरीपत्रकावरची खरी नावं त्यांनाच परकी वाटू लागली.

नऊ वर्षांपूर्वीच दुसरीही एक गोष्ट सुरू झाली होती. टेबलाच्या खालच्या खणात, वॉर्डांच्या नंबरांच्या वहीखाली, एक पुस्तक असे. वाचनालयातून ते आणायचं काम सकाळबाईंचं आणि निवडायचंही त्यांनीच. पुस्तक एक, खुणा दोन. सकाळबाईंची खूण म्हणजे लाल लोकरीचा धागा, दुपारबाईंची म्हणजे घडी घातलेलं बसचं तिकीट. फोन नसतील तेव्हा आपापल्या पाळीत दोघी वाचत आणि पावणेदोनला दुपारबाई आल्या, की पाळी बदलेपर्यंतची पंधरा मिनिटं त्याच पुस्तकावर बोलत. नियम एकच होता. मागच्या खुणेपुढचं बोलायचं नाही. पुढे असेल तिनं मूग गिळून बसायचं.

पुढे कायम सकाळबाईच असत. वीस पानं, फार तर तीस. आणि खरं सांगायचं तर त्यांचं सगळं सुख त्या वीस पानांत होतं. आल्या आल्या त्या आधी तिकीट कुठवर सरकलंय ते बघत. गोष्टीतला म्हातारा मरतो ते पान काल संध्याकाळी दुपारबाईंनी वाचलं, म्हणजे बाई आज रडवेल्या होऊन येणार, हे त्यांना सकाळी सहालाच ठाऊक असे. मग पावणेदोनला दारातूनच आवाज यायचा, "अगं, तुला माहीत होतं आणि तू काल गप्प बसलीस?" हे एक वाक्य ऐकायला सकाळबाई आठ तास खुर्चीत बसत, असं म्हटलं तरी चालेल. घरी नवरा होता, परगावी शिकणारी मुलगी होती, तक्रार कशाचीच नव्हती. पण 'तुला माहीत होतं' असं म्हणणारं माणूस त्यांना एवढं एकच.

रात्रपाळीला इतकी वर्षं एक गृहस्थ होते. ते पुस्तकाच्या वाटेला कधी गेले नाहीत. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक्स-रे विभागातून एक बाई बदलून आल्या. उंच, हळू बोलणाऱ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवणाऱ्या. आठ दिवसांत त्यांचं नाव रात्रबाई पडलं. ते दुपारबाईंनी ठेवलं, आणि आपल्याला न विचारता ठेवलं, हे सकाळबाईंना मागाहून कळलं. ते त्यांच्या मनाला जरा लागलंच.

तेव्हा खणात एक जाडजूड कादंबरी होती, चारशे बारा पानांची. बंदरावर लॉज चालवणारी एक बाई असते. नवरा जहाजावर गेलेला, अठरा वर्षं पत्ता नाही. ती वाट बघते, आल्यागेल्याला खोल्या देते, रजिस्टरात सह्या घेते. सांगायला एवढंच, पण दोघींना त्या बाईनं पार वेडं केलं होतं.

एका सोमवारी सकाळबाईंनी खण उघडला तर पुस्तकात तीन खुणा. तिसरी म्हणजे एक्स-रेच्या पाकिटाची कापलेली पिवळी पट्टी, सदतिसाव्या पानावर. आपल्या ताटात कुणी न विचारता हात घालावा, तसं त्यांना झालं. दुपारी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर दुपारबाई खुशाल म्हणाल्या, की मीच म्हटलं त्यांना, घ्या, वाचा. रात्रभर एकट्या असतात बिचाऱ्या. बरं केलंस, असं सकाळबाई म्हणाल्या खऱ्या, पण ते म्हणताना त्यांनी फोनच्या नोंदवहीत एक नोंद दोनदा केली.

रात्री फोन कमी. त्यामुळे पिवळी पट्टी रोज अशी सरकू लागली की बघवेना. गुरुवारी तिनं तिकिटाला मागे टाकलं. शनिवारी ती लाल धाग्याच्या पुढे गेली. नऊ वर्षांत धाग्याच्या पुढे कुणाची खूण गेली नव्हती. सकाळबाईंनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, नीट बघितलं. पट्टी होती तिथंच होती. त्या दिवशी त्यांनी हट्टानं वाचायला घेतलं, पण बाह्यरुग्ण विभागाचे फोन थांबेनात आणि सात पानांवर गाडी अडली.

बरं, बाईंनी काही आगळीक करावी, तर तेही नाही. रात्रबाई नियम अगदी काटेकोर पाळत. दुपारबाईंच्या खुणेपुढचं त्या चकार शब्द बोलत नसत, म्हणजे भांडायचीही सोय उरली नाही. त्या बोलत ते मागचंच, दोघींनी वाचून झालेलं, पण ते असं काही बोलत, की पावणेदोनची पंधरा मिनिटं आता त्यांच्याच मालकीची झाली. रात्रबाई म्हणत होत्या, हे दुपारबाईंचं पालुपद झालं. रात्रबाई म्हणत होत्या, लॉजवाली कोपऱ्यातली खोली कधीच कुणाला देत नाही, लक्षात आलं का तुझ्या? सकाळबाईंच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी ती पानं दोन आठवड्यांपूर्वी वाचली होती आणि त्यांना तिथं खोलीबिली काही दिसली नव्हती. त्या म्हणाल्या, हो, आलं होतं की. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दुपारबाईंशी पुस्तकाबद्दल खोटं बोलल्या.

मग थर्मासचं झालं. दुपारबाई घरून कॉफी आणत आणि आल्या आल्या झाकणभर सकाळबाईंना देत. त्या आठवड्यात झाकण अर्धंच भरलं, कारण थोडी रात्रबाईंनाही ठेवायची होती. शिवाय पावणेदोनच्या दुपारबाई आता दोनला पाच कमी असताना येऊ लागल्या. रात्री दहाला सुटून साडेदहापर्यंत तिथंच बोलत बसतो गं, मग सकाळी डोळाच उघडत नाही, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. सकाळबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी त्यांनी नवऱ्यापुढे मन मोकळं केलं, तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, की मग वाचनालयातून दुसरी प्रत आण. त्या रात्री त्याच्याशी त्या जेवणापुरतंच बोलल्या.

मंगळवारी सकाळी पिवळी पट्टी दोनशे ब्याण्णववर होती. लाल धागा एकशे अडुसष्टवर, तिकीट एकशे पन्नासवर. अकरा वाजता बोर्ड जरा शांत झाला. सकाळबाईंनी दाराकडे बघितलं, पुस्तक मांडीवर घेतलं आणि सरळ मागून उघडलं. शेवटची बारा पानं त्यांनी एका दमात वाचून काढली. वाचताना त्यांचे कान तापले होते. वाचून झाल्यावर त्यांनी धागा होता तिथंच ठेवला आणि पुस्तक वहीखाली सारलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच त्या हजर. रात्रबाई पिशवी आवरत होत्या. चार नंबर वॉर्डचा फोन बंद आहे, सर्जन साहेब आठनंतर मिळतील, असं काय ते सांगून झालं. मग सकाळबाईंनी गोड आवाजात विचारलं, कुठवर आलं वाचन? आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं.

"तो येतो बरं का शेवटी. ती त्याला ओळखते, पण बोलत काही नाही. रजिस्टरात त्याची सही घेते, कोपऱ्यातल्या खोलीची किल्ली हातात देते आणि सकाळच्या पहिल्या बसनं कायमची निघून जाते. झालं."

रात्रबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सकाळबाई वाटच बघत होत्या, आता हिचा चेहरा पडेल.

"जाते ना पण?" रात्रबाई म्हणाल्या. "मग बरं झालं सांगितलंत, ताई. ती तिथंच कुजत राहते की काय, या धास्तीनं मी नुसती पळत होते. आता सावकाश वाचेन."

आणि मनापासून हसून त्या निघून गेल्या. सकाळबाई हेडफोन हातात घेऊन उभ्याच राहिल्या. एवढा घाट घातला आणि समोरची आभार मानून गेली! तरी गुरुवारी सकाळी पट्टी फक्त सहा पानं सरकलेली दिसली, तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

गुरुवारी दुपारबाई दीडलाच आल्या. सरळ बाकावर बसल्या. थर्मास पिशवीतून काढला, पण उघडला नाही. नियम मोडल्याचं हिला कळलं, आता बोलणी खावी लागणार, हे सकाळबाईंनी ओळखलं. तोंडातून निघून गेलं गं, असं म्हणायचं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं.

"तू तिला शेवट सांगितलास," दुपारबाई म्हणाल्या.

"अगं, ते..."

"नऊ वर्षं मी तुझ्या मागून वाचतेय. किती वेळा हातापाया पडले असेन, एवढं तरी सांग, तो जगतो का मरतो. एकदा तरी सांगितलंस? आणि ती येऊन महिना नाही झाला, तर तिला सगळा शेवट. ती काल इतकी खुशीत सांगत होती मला. सकाळबाई किती चांगल्या आहेत म्हणाली."

दुपारबाई थर्मासचं झाकण उगाच आवळत होत्या. ही रागावलेली नव्हती, ही जळत होती. आपल्यावरून, आपल्यासाठी जळत होती. एवढे दिवस आपण ज्यात होरपळलो तेच आता हिच्या तोंडावर दिसतंय, हे कळलं आणि सकाळबाईंना मनात नुसत्या उकळ्या फुटल्या. त्या क्षणी त्यांना खरं सांगता आलं असतं. तिला दुखवायला सांगितलं, तुझ्यामुळे सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. पण ते सुख त्यांना हातचं सोडवेना.

"एकटी असते ना गं बिचारी रात्रभर," त्या म्हणाल्या.

दुपारबाईंनी मान खाली घातली. बोर्डावर दोन दिवे लागले, सकाळबाईंनी फोन जोडून दिले.

"मग मलाही सांग," दुपारबाई म्हणाल्या.

"काहीतरीच काय. तू अजून कुठं आहेस, निम्मं पुस्तकही झालं नाही तुझं."

"तिला सांगितलास ना? मग मलाही सांग. सगळा."

सकाळबाईंनी टाळून बघितलं, हसण्यावारी नेऊन बघितलं. दुपारबाई हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी सांगितलं. तो येतो, ती ओळखते, सही घेते, किल्ली देते, पहिल्या बसनं जाते. कालच्यापेक्षाही कमी वाक्यांत झालं. सांगताना त्यांना दुपारबाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, कारण ते तोंड पुढच्या कितीतरी दुपारी दारात कसं दिसलं असतं, ते त्यांना पाठ होतं.

दुपारबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "पण का? अठरा वर्षं वाट बघितली आणि तो आला तर निघून का गेली?"

एकशे अडुसष्ट ते चारशे, मधलं एक अक्षरही सकाळबाईंनी वाचलेलं नव्हतं.

"कंटाळली असेल," त्या म्हणाल्या.

"कंटाळलेली बाई सही घेत बसेल होय? मधे काहीतरी झालं असणार. काय झालं?"

"असेल काहीतरी."

"असेल म्हणजे? तुला माहीत नाही?"

नऊ वर्षांत हा प्रश्न असा कधी आला नव्हता. सकाळबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मी शेवटची बारा पानंच वाचली, असं त्या हळूच म्हणाल्या. का, असं दुपारबाईंनी विचारलं, आणि मग सकाळबाईंकडे बघता बघता त्यांचा चेहरा बदलत गेला; शेवट प्रेमानं नव्हे, रात्रबाईंना दुखवायला सांगितला होता, हे त्यांना कळलं. सांगायचं काही उरलं नव्हतं. दोन वाजले. बोर्डावर दिवा लागला, दुपारबाई उठून खुर्चीत बसल्या, फोन घेतला, बालरोग विभागाला जोडून दिला. सकाळबाई पिशवी खांद्याला लावून दारात उभ्या होत्या. बाई आता काही बोलेल म्हणून थांबल्या होत्या.

दुपारबाईंनी खण उघडला, पुस्तक काढलं, तिकीट कुठं आहे ते बघितलं.

"मग कुणाला विचारू?" बोर्डाकडे बघतच त्या म्हणाल्या.

"रात्रबाईंना विचार," सकाळबाई म्हणाल्या. "दहाला येतील. त्यांनी वाचलंय मधलं."