सगळ्यांत लहानाच्या हातची घंटा

पितळेची, लाकडी मुठीची, एका बाजूला पोचा पडलेली अशी मी एक जुनी घंटा आहे. मित्रांनो, बल्गेरियातल्या डोंगराकडच्या एका गावात, तिथल्या शाळेसाठी मला घडवलं. आमच्याकडे एक रीत होती. सप्टेंबरात शाळा उघडली की पहिली घंटा पहिलीतल्या सगळ्यांत लहान मुलाने वाजवायची. माझ्या मुठीला फुलं बांधत. ते मूल दोन्ही हातांनी मला उचलायचं आणि अख्खं गाव टाळ्या वाजवायचं. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू!

मग गावातली तरुण माणसं कामासाठी परदेशी जाऊ लागली. कोणी स्पेनला, कोणी इटलीला. मुलंही त्यांच्यामागे गेली. एका वर्षी पहिलीत एकच मूल उभं होतं, पुढच्या वर्षी तेही नव्हतं. शाळेला कुलूप लागलं आणि मी कपाटात धूळ खात पडले.

काही वर्षांनी कुलूप निघालं, पण आत आले ते म्हातारे. मागे राहिलेल्या आईबापांना सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून सरकारने शाळेचाच वृद्धाश्रम केला. वर्गांत खाटा लागल्या. स्वयंपाकाच्या मावशींना मी सापडले आणि जेवणाची घंटा झाले. रीत मात्र जुनीच राहिली. आश्रमात जो वयाने सगळ्यांत लहान, त्याने मला वाजवायचं.

अशा ठिकाणी इलियाना आली. वय तेहतीस. मोटारीच्या अपघातात तिच्या पायांतली शक्ती गेली होती. तिची आई इटलीत परक्या घरातल्या आजीबाईंची सेवा करून पैसे पाठवायची. इलियानाला ठेवायला दुसरी जागा नव्हती आणि इथे खाट रिकामी होती. एवढाच तिचा नि वृद्धाश्रमाचा संबंध.

साहजिकच मी तिच्याकडे गेले. तिच्या हातात चांगला जोर होता. पण आठ वाजता सगळे झोपले की ती चाकांची खुर्ची खिडकीशी नेऊन बसायची. तिच्या वयाचं बोलायला कोणी नव्हतं. म्हाताऱ्या तिच्यावर जीव टाकत, सारख्या तिच्या पायांवर शाल पांघरत, आणि ती आणखीच गुदमरायची.

शेजारच्या खाटेवर इलियानानंतर आलेल्या पेनका आजी एकाहत्तर वर्षांच्या, म्हाताऱ्यांत सगळ्यांत लहान, याच शाळेत शिकलेल्या. त्या रोज टोमणा मारायच्या, "मला ही घंटा कधी मिळाली नाही गं. पहिलीत तो स्तोयान माझ्याहून चार दिवसांनी लहान निघाला, मेला! आणि आता तू आडवी आलीस."

वसंतात शहरातून फोन आला. तिच्यासारखीच मदत लागणारी चार तरुण माणसं मदतनिसासोबत राहतात अशा घरात एक खोली रिकामी झाली होती. खर्च सरकारचाच. इलियानाचा चेहरा उजळला. पण आश्रम चालवणाऱ्या गेर्गानाबाई म्हणाल्या, "जा, मी अडवणार नाही. पण आता म्हातारेही कमी होत चाललेत. खाटा अशा रिकाम्या पडल्या तर इथेही शाळेसारखं कुलूप लागेल, बाई."

खरं सांगते मित्रांनो, तिने जाऊ नये असंच मला वाटलं. एक कुलूप मी पाहिलं होतं. जेवताना इलियानाही म्हणाली, "नाही जात मी. तुमचं कसं होणार?"

पेनका आजींनी चमचा खाली ठेवला. "आमचं? घेवड्याचं सूप पिऊ, दही खाऊ आणि मरू निवांत! त्याला तू कशाला हवीस? आठ वाजता झोपायचं वय आहे का तुझं?"

"पण आजी..."

"पण नाही नि बिण नाही. तू गेल्याशिवाय घंटा मला मिळत नाही. शाळेपासून वाट बघतेय. हलव तुझी खुर्ची!"

सगळे हसले. इलियानाही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

ती गेली त्या दुपारी पेनका आजींनी मला उचललं. सुजलेली बोटं मुठीभोवती नीट बसेनात. त्यांनी मला एकदाच हलवलं आणि छातीशी धरून ठेवलं. किती तरी वेळ त्या जेवायला बसल्याच नाहीत. तेव्हा मला कळलं, घंटेचा सगळा हट्ट त्यांनी पोरीसाठी धरला होता.

मित्रांनो, उद्या कारभार तुमच्या हाती येईल. माणसाला कुठे ठेवायचं हे रिकाम्या खाटेवरून ठरवू नका. कुणाबरोबर राहावंसं वाटतं, ते त्यालाच विचारा. आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना विसरू नका. कधी तरी दुपारी जेवणाच्या वेळेला आमच्याकडे या. तुम्ही आलात की सगळ्यांत लहान तुम्हीच. पेनका आजी थोडी कुरकुर करतील, पण मला तुमच्या हातात देतील.