पुठ्ठ्याचा चौक

मित्रांनो, मी एक जुना चौक आहे. पुठ्ठ्याचा. माझ्यावरून कधी गाडी गेली नाही. एकदा एक न्हावी मात्र बसला, ते पुढे सांगतो.

माझा खरा भाऊ, दगडविटांचा चौक, दूर एका देशात होता. तिथल्या सरकारनं एका दुपारी त्यात जमलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. मग घरं पाडली, फोटो जाळले, वर बाग केली आणि शाळेच्या पुस्तकात छापलं की इथे पहिल्यापासून बागच होती. ज्यांनी ‘नव्हती’ म्हटलं, त्यांना देश सोडावा लागला.

त्यातलाच एक सिनेमाचा दिग्दर्शक. परक्या गावात तो बुटांच्या गोदामात कामाला लागला आणि तिथल्या रिकाम्या खोक्यांतून त्यानं मला घडवलं. माझ्या नगरपालिकेच्या आत अजून ‘नंबर आठ, काळा’ असं लिहिलेलं आहे, काय करणार! सिनेमा साधाच होता. पोस्टमनकाकांनी माझ्या एकेका दारावर बोट ठेवायचं आणि त्या घरातलं कोण त्या दुपारी परत आलं नाही, ते सांगायचं. दारं एकतीस. सगळं पाठ होतं ते एकट्या काकांना, कारण जन्मभर तिथे पत्रं त्यांनीच वाटलेली.

“निदान लिहून तरी घ्या,” वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे दिग्दर्शकाची बायको.

“आधी सांगितलं की शिळं होतं गं. कॅमेऱ्यासमोर ताजं हवं.”

आणि मग मला रंग द्यायला घेतला. दर रविवारी तिकडून आलेली सगळी मंडळी जमायची आणि भांडायची.

“औषधवाल्याचं दार हिरवं होतं,” न्हावी म्हणायचा.

“निळं! मी रोज खोकल्याचं औषध आणायचो तिथून,” मास्तर म्हणायचे.

“मग खोकताना डोळे मिटत असतील तुमचे!”

एकदा न्हावी तावातावानं उठला आणि तावातावानंच बसला, तो थेट माझ्यावर. बेकरी आणि शेजारची दोन घरं सपाट. ती उभी राहतात न राहतात तोच मांजरीनं नगरपालिकेत चार पिल्लं घातली. “पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही,” वहिनींनी फर्मान काढलं. नगरपालिकेचं काम पुन्हा ठप्प.

पोस्टमनकाका दर रविवारी इस्त्रीचा कोट घालून यायचे. “अरे, दाराला कुठलाही रंग फास. मला एकदा बोलून घेऊ दे.”

“काका, एक दार चुकलं तर तिकडे म्हणतील, दार खोटं, म्हणजे गोळ्याही खोट्या. पुढच्या रविवारी नक्की.”

असं वर्ष गेलं. औषधवाल्याचं दार अकरा वेळा रंगलं. मग एक दिवस वहिनींनी शिवता शिवता विचारलं, “अहो, फिल्म कुठली आणलीय?”

“काळीपांढरी. रंगीत कोण देतंय आपल्याला?”

न्हाव्याच्या हातातल्या ब्रशातून निळा थेंब त्याच्याच बुटावर पडला. मास्तर खोकले. आणि मग सगळे जे हसत सुटले! काका तर डोळे पुसत हसत होते. मीही हसलो. मला तरी कुठे अक्कल होती!

पुढच्या रविवारी कॅमेरा सुरू झाला. काकांनी पहिल्या दारावर बोट ठेवलं. “इथला शिंपी. आणि त्याची थोरली. दोघं गेली.” मग दुसरं दार, तिसरं. नऊ दारं त्यांनी न अडखळता सांगितली. दहावं औषधवाल्याचं. तिथे बोट थांबलं. काका बघतच राहिले.

“इथे... इथलं दार निळं होतं, नाही का? की हिरवं रे?”

“काका, माणसं. आत कोण राहायचं?”

“हिरवंच असेल,” काका म्हणाले आणि ओशाळून हसले.

त्यापुढे काही आठवेना. पुढचे कितीतरी रविवार बसवून पाहिलं, समजावून पाहिलं. वर्षभर त्यांच्या कानावर आम्ही रंगच घातला होता.

तो नऊ दारांचाच सिनेमा आता गावोगाव दाखवतात. लोक रडतात, टाळ्या वाजवतात. दिग्दर्शक टाळ्यांना थांबत नाही, घरी येतो आणि मऊ फडक्यानं माझी धूळ पुसतो. दहाव्या दारापासून पुढे त्याचा हात फार हळू चालतो.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी म्हातारं माणूस “जरा ऐक रे” म्हणालं, तर हातातलं काम तसंच टाकून ऐका. वेडंवाकडं लिहिलंत तरी चालेल, पण त्याच दिवशी लिहा. माझ्या बावीस घरांत कोण राहायचं, ते मला माहीत नाही. मी आता विचारू कोणाला?