अर्धी उरलेली ओढणी

मी एक ओढणी बोलतेय. अर्धीच उरलेय, त्यात जात्याच भित्री, तेव्हा आवाज बारीक लागला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म इचलकरंजीच्या मागावरचा. चिपळूणच्या हलीमा परकारने मला घेतलं आणि तिच्या नवऱ्याच्या, यासीनच्या, तेलकंपनीतल्या नोकरीपायी आम्ही टेक्सासात शुगर लँडला आलो. विमानात आम्ही दोघीही घाबरलो होतो. बोलणी मात्र मला. "सारखी घसरते मेली."

१९८० साल उजाडलं आणि माझी पाचावर धारण बसली. तिकडे इराणात अमेरिकन माणसं ओलीस धरलेली, त्यामुळे इकडे डोक्यावर ओढणी दिसली की दुकानातले लोक बोलायचं थांबत. यासीन म्हणाला, "बाहेर जाताना काढत जा ना. रिस्क कशाला?" मला अगदी पटलं. हलीमाला नाही.

ती आपल्या लेकीला, नसीमला, अस्माची गोष्ट सांगायची. पैगंबरसाहेब आणि अस्माचे वडील अबू बक्र जीव वाचवण्यासाठी मक्केतून निघाले, तेव्हा अस्माने शिदोरी केली. ती बांधायला काही मिळेना, म्हणून तिने कमरेचा कापडी पट्टाच फाडून दोन तुकडे केले. मग शोधणारे दारात आले, थोबाडीत मारली, तरी तिने ठावठिकाणा सांगितला नाही. लेक डोळे विस्फारून ऐके. फाडायचा भाग आला की मी आक्रसून जाई.

एका शनिवारी दुपारी अतुल मागच्या दाराने आत घुसला. हा नागपूरचा विद्यार्थी, हलीमाच्या हातची तांदळाची भाकरी खायला नेहमी यायचा. कपाळ रक्ताने भरलेलं.

"भाभी, गॅस स्टेशनवर दोघांनी दाढी बघून मला इराणी ठरवलं. इंडियन आहे म्हणून सांगतोय, ऐकतच नाहीत यार. ट्रक घेऊन मागे लागलेत."

हलीमाने मला डोक्यावरून ओढलं, दातांत धरलं आणि टर्रकन फाडलं. एका अर्ध्याने त्याचं कपाळ बांधून त्याला बाथरूममध्ये लपवलं. उरलेली मी पुन्हा तिच्या डोक्यावर. तेवढ्यात दार वाजलं. मला काढ, निदान आता तरी काढ, असा मी जीव तोडून आक्रोश करत होते, पण ओढणीचं ऐकतो कोण?

दारात दोन धिप्पाड माणसं. एकाच्या हातात लोखंडी पाना.

"तो इराणी कुठे आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"मला माहीत नाही," हलीमा त्याच्याच भाषेत म्हणाली. तिच्या मानेवरचा घाम माझ्यात मुरत होता. त्याने माझं टोक मुठीत धरून खेचलं, तशी तिची मान वाकली.

"मला माहीत नाही."

शेजारची खिडकी उघडली. त्याने मला सोडलं. "परत येऊ," म्हणून दोघे ट्रकमध्ये बसून गेले. दार लावून हलीमा जमिनीवरच बसली आणि हमसून हमसून रडली. अंधार पडल्यावर कामावरून परतलेल्या यासीनने अतुलला गाडीतून दवाखान्यात नेलं. माझा दुसरा तुकडा त्याच्याबरोबर गेला.

आज सोमवार. नसीमला शाळेच्या बसपर्यंत सोडायला हलीमा निघालीय. मी आता डोक्याला पुरत नाही, म्हणून हनुवटीखाली सेफ्टी पिन लावलीय. समोरच्या वळणावर तोच ट्रक उभा आहे.

बाई, घरी चल. मी कळवळून विनवतेय. तुमची कोणाची तिच्याशी ओळख असेल तर तुम्ही तरी सांगा.

नसीमने तिचा हात घट्ट धरलाय. "अम्मी, आय अॅम स्केअर्ड."

"मी पण," हलीमा म्हणते, आणि पाऊल पुढे टाकते.